किती बॉक्स आणणार?

सुरतेत आपल्या खान्देशी माणसाच्या घरी लग्न ठरले की बँडवाल्याला पहिला प्रश्न ‘गाणारा कोण?’ असा येत नाही. ‘वाजवणारे किती?’ असाही येत नाही. पहिला प्रश्न येतो, ‘किती बॉक्स आणणार?’ लिंबायत घ्या, उधना घ्या, डिंडोली घ्या. हळदीचा कार्यक्रम असो, कानबाईचे विसर्जन असो की गणपतीचा शेवटचा दिवस, सौदा बॉक्सवर ठरतो. सहा बॉक्सचा बँड हलका, दहाचा बरा, आणि ज्याची गाडी गल्लीच्या वळणावर अडकून पडते तो सर्वांत भारी! गायकाचा गळा, ऑर्गनवाल्याचा हात, ढोलकीवाल्याची बोटे या गोष्टी त्या सौद्यात कुठेच नसतात. हा प्रश्नच चुकीचा आहे आणि त्याची किंमत आपण पैशात, कानात आणि भाषेत मोजत आहोत, हे मला या पानांवरून भांडून सांगायचे आहे.

मी या धंद्यात पाहुणा नाही. आधी ऑर्केस्ट्रात आणि मग लग्नाच्या बँडमध्ये ऑर्गनमागे बसून माझी बरीच वर्षे गेली. तेव्हा मांडवाबाहेर कानात बोटे घालून उभ्या असलेल्या सभ्य गृहस्थाची ही कुरकुर आहे, असे कोणी समजू नये. त्या गृहस्थांकडेही मी शेवटी वळणार आहे.

आधी बॉक्सचा हिशेब करू. कानाचा हिशेब किराणा दुकानासारखा चालत नाही. दुकानात एका किलोच्या जागी दोन किलो साखर घेतली तर डबा दुप्पट भरतो. आवाजात वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त तीन डेसिबल, आणि तीन डेसिबलचा फरक साधा माणूस ‘जरासा वाढला वाटतं’ इतकाच ओळखतो. कानाला आवाज दुप्पट वाटावा यासाठी साधारण दहा डेसिबल वाढावे लागतात, आणि दहा डेसिबलसाठी वॅट लागतात दसपट. म्हणजे हजार वॅटवर जे ऐकू येत होते ते दुप्पट ऐकायचे तर दहा हजार वॅट, त्यांना पुरेल एवढा जनरेटर, त्याचे डिझेल, मोठी गाडी आणि बॉक्स चढवणारी-उतरवणारी चार-सहा पोरे. यजमानाचा खिसा रिकामा झाला तो हे सगळे उचलण्यात. गायकाच्या वाट्याला मग चहापाण्याचेच पैसे उरतात, आणि तो मिळेल तसा गायक असतो.

अंतराचा हिशेब मात्र फुकट असतो, म्हणून तो कोणी करत नाही. उघड्या जागेत बॉक्सपासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एका मीटरवर 110 डेसिबल असेल तर आठ मीटरवर 92 उरतो. बॉक्सला खेटून नाचणारे पोर आणि मागे खुर्चीवर बसलेले आजोबा यांच्या कानांत एवढी दरी असते. आजोबांना ऐकू जात नाही म्हणून कोणी तरी ओरडते, ऑपरेटर खटका फिरवतो आणि पोराच्या कानाचा पडदा पणाला लागतो. यात चूक वॅटची नाही, जागेची आहे. बॉक्स जमिनीवर मांडला की पहिली रांगच त्याच्यापुढे भिंत होऊन उभी राहते. अंगे आणि कपडे वरचे सूर पिऊन टाकतात, मागे पोचतो तो नुसता दणका. तोच बॉक्स डोक्यांच्या वर, उंच तिपाईवर चढवा आणि तोंड जरा खाली झुकवा. पुढच्या पोराचे अंतर वाढले, मागच्या आजोबांचे जवळजवळ तेवढेच राहिले, दोघांतली दरी बुजली. खटक्याला हात लावायची गरज राहिली नाही.

नवापूरचे स्टेशन आपल्या सगळ्यांच्या पायाखालचे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत, आणि घोषणा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषांत. तिथे आमच्या बँडच्या रीतीने फलाटाच्या एका टोकाला एकच राक्षसी बॉक्स उभा केला तर चारही भाषांचा मिळून एक गोंगाट ऐकू येईल आणि सुरतेच्या माणसाला भुसावळची गाडी मिळेल. रेल्वेने कोणत्याही मोठ्या फलाटावर असले काही केलेले नाही. लहान लहान कर्णे अंतराअंतराने टांगायचे आणि प्रत्येकाने आपल्या डोक्यावरचा ऐकायचा, ही साधी रीत. लांबलचक वाडीत किंवा पार्टी प्लॉटमध्ये हेच करता येते. एक काळजी मात्र घ्यावी लागते: आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर चालतो, म्हणजे 34 मीटर जायला त्याला सेकंदाचा दहावा भाग लागतो. मागच्या बॉक्सला तेवढा उशीर लावला नाही तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. हा उशीर लावायची सोय आजकालच्या डिजिटल मिक्सरमध्ये असते. आमच्याकडे ती वापरली जात नाही. त्याच मिक्सरमधला इको मात्र न चुकता वापरला जातो, आणि एवढा, की नवरदेवाचे नाव तीन वेळा घेतल्यासारखे होते.

पण ही सगळी मांडवातली गोष्ट झाली. खरे भांडण श्रोत्यांपर्यंत पोचायच्या आधी स्टेजवरच लागलेले असते, आणि तिथे दोष एकट्या यजमानावर ढकलता येणार नाही.

रोजचा प्रकार सांगतो. आठ वाजता कार्यक्रम सुरू होतो तेव्हा सगळे ठीक असते. गिटारवाल्याचा बॉक्स त्याच्या मागे जमिनीवर, पिंडऱ्यांच्या उंचीला. बॉक्समधून निघणारे बारीक सूर बंदुकीच्या गोळीसारखे सरळ जातात. ते त्याच्या गुडघ्यांना ऐकू येतात, कानांना नाही. त्याला वाटते आपले वाद्य मुके झाले. तो वाढवतो. आता बेसवाल्याला स्वतःचे ऐकू येईना, तो वाढवतो. पॅडवाला म्हणतो, मी काय पाप केले? मग माझी पाळी. साडेनऊपर्यंत चौघांचेही खटके टोकाला पोचलेले असतात आणि गाणारा हात कानावर धरून आमच्याकडे वळून ओरडतो, ‘माले मना आवाजच ऐकू येत नही!’ गंमत अशी की पाचांपैकी प्रत्येकाची तक्रार खरी असते आणि प्रत्येकाचा उपाय दुसऱ्याची तक्रार वाढवणारा असतो. त्यातून वाचणारा एकच, आणि तो कायम जिंकतो: जाड आवाज. जाड आवाज बारकाला गिळतो, बारीक जाडाला सहसा गिळत नाही. हे कानाच्या आतल्या रचनेतच आहे. म्हणून पाचही जण जोरात वाजवू लागले की मरतो तो गळा.

गळा वर काढावा म्हणून माईक वाढवला की शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की लोक माईकला शिव्या देतात. माईकचा काय गुन्हा? बॉक्समधून निघालेला आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला, पुन्हा मोठा होऊन बाहेर आला, पुन्हा शिरला, अशी ती फुगडी असते. बॉक्स माईकच्या मागे आणि त्याच्याकडे तोंड करून ठेवलेले असतील तर जगातला कोणताही माईक शिट्टी वाजवील. बॉक्सची रांग माईकच्या रांगेपुढे हवी, तोंडे लोकांकडे हवीत. गायकासाठी एक छोटा मॉनिटर त्याच्या पायाशी, माईकच्या पाठीमागच्या दिशेला हवा, कारण आपल्या हातातला साधा माईक पुढून ऐकतो आणि पाठीमागून जवळजवळ बहिरा असतो. त्याचे हे बहिरेपण हाच आपला फायदा. आमच्या गायकांना मात्र माईकची जाळी मुठीत आवळून धरायची सवय. त्याने ते बहिरेपण जाते आणि शिट्टीला वाट मिळते. सिनेमातल्या रॅपरने तसे धरले म्हणून आपणही धरायचे!

गिटारवाल्याचा इलाज तर एका खुर्चीचा आहे. बॉक्स खुर्चीवर ठेवा, किंवा मागे कलता करा, की तोंड कानाकडे होईल. तो स्वतःहून खटका खाली आणतो. सांगावेही लागत नाही. मी हे अनेकदा पाहिले आहे. आणि बसताना क्रम उलटा धरावा. आमच्याकडे आधी बेस लावतात, मग पॅड, मग ऑर्गन आणि सगळ्यांत शेवटी ‘गायक, जरा हॅलो म्हण’. त्याऐवजी आधी गायकाला गाऊ द्यावे, शिट्टी वाजायच्या जरा अलीकडे त्याचा माईक थांबवावा आणि मग ते छत समजून बाकीच्यांनी त्याखाली राहायला यावे. छताच्या वर घर बांधता येत नाही.

गाडीवरच्या बँडची तर आणखी वेगळी दशा आहे. नवापूर, सोनगढ, व्यारा या पट्ट्यातले आदिवासी बँड आपण जाणतो. टिमलीवर गाव रात्रभर नाचते आणि काय सुरेख नाचते! गाडीच्या तोंडाला बॉक्सची भिंत, आणि वाजवणारे त्या भिंतीच्या मागे. बारीक सूर सरळ पुढे जातात, जाड सूर मात्र चारी दिशांना पसरतात. म्हणजे भिंतीमागे बसलेल्या ऑर्गनवाल्याला स्वतःचे सूर ऐकू येत नाहीत, नुसता धबधबा ऐकू येतो. तो वाढवत राहतो, आणि समोरच्या माणसाच्या कानात सुरी जाते. अशा वेळी वाजवणाऱ्याच्या कानाजवळ, त्याच्याकडे तोंड करून, एक अगदी लहान बॉक्स असला तर समोरची सगळी भिंत खाली आणता येते. लहान बॉक्सला भाव नाही, कारण तो लोकांना दिसत नाही.

हे दुखणे काही आपल्याच मातीतले नाही. बीटल्स 15 ऑगस्ट 1965 रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये 55 हजारांहून अधिक लोकांपुढे वाजवायला उभे राहिले तेव्हा त्यांच्यासाठी कंपनीने खास शंभर-शंभर वॅटचे ॲम्प्लिफायर बनवले होते. किंकाळ्यांत ते बुडाले. स्टेजवर मॉनिटर नव्हता. ड्रमवर बसलेला रिंगो पुढच्या तिघांच्या पाठीच्या हालचाली बघून ताल धरत होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट 1966 मध्ये, त्या मंडळींनी दौरे कायमचे बंद केले. कारणे अनेक होती, पण आपले आपल्यालाच ऐकू येत नाही हे त्यातले एक होते. इंग्लंडचा दुसरा बँड, द हू. त्यातल्या गिटारवाल्याची आणि बेसवाल्याची मोठ्या कॅबिनेटची चढाओढ ही आमच्याच स्टेजची गोष्ट, फक्त पौंडात! 31 मे 1976 रोजी लंडनच्या चार्लटन मैदानावर त्यांचा आवाज 32 मीटरवर 126 डेसिबल भरला आणि गिनीज बुकात गेला. पुढे गिनीजवाल्यांनी हा विक्रमच बंद केला, कारण त्यात लोकांचे कान जात होते. आणि त्या दोघांचेही कान गेले. विक्रम ऐकायला कान उरले नाहीत.

आता जे सांगायचे आहे ते सुरतेखेरीज दुसऱ्या गावाला तितकेसे लागू नाही.

आमचे वाजवणारे, गाणारे आणि नाचणारे येतात कुठून? पहाटे नाही तर संध्याकाळी लूमच्या खात्यातून सुटून. पांडेसरा, उधना, लिंबायत इथल्या खात्यांत ओडिया मजुरांच्या बरोबरीने धुळे, जळगाव, नंदुरबारची माणसे उभी राहिली आहेत, बारा-बारा तासांच्या पाळीत. धोटा मारणाऱ्या लूमच्या खात्यात आवाज साधारण 95 ते 100 डेसिबलच्या घरात असतो. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेचे माप असे की 85 डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करा. म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक, 97 ला अर्धा आणि 100 ला पंधरा मिनिटे. आपला माणूस तिथे बारा तास असतो. लँकेशायरच्या गिरण्यांतल्या विणकर बायका ओठांवरून एकमेकींचे बोलणे वाचायला शिकल्या होत्या. आमच्या खात्यांत हातांच्या खुणा चालतात. आवाजाने येणारा बहिरेपणा हा कायद्याच्या परिशिष्टात नोंद करण्याजोगा व्यावसायिक रोग म्हणून छापलेला आहे. छापलेला आहे, एवढेच. माझ्या ओळखीतल्या एकाही लूमवाल्याचा कान कोणी कधी तपासलेला मला ठाऊक नाही.

आणि हा बहिरेपणा पडतो कुठे? पहिला घाव साधारण चार हजार कंपनांच्या आसपास पडतो. माणसाला वाटत राहते की आपल्याला ऐकू येते, कारण स्वर ऐकू येतात. गळतात ती व्यंजने. स, श, त, क, ख यांची धार याच वरच्या पट्ट्यात असते. ‘साडी’, ‘ताडी’ आणि ‘काडी’ म्हटले तर तिन्हींत उरते नुसती ‘आडी’. असा कान दिवसा लूमवर आणि रात्री मिक्सरवर बसतो. त्याला शब्द स्पष्ट लागत नाहीत म्हणून तो वरचे सूर वाढवतो. ते त्याला जेमतेम बरे वाटू लागतात तोवर समोरची लहान मुले कान झाकून रडायला लागलेली असतात. वर पाळी सुटल्यावर काही तास कान बधिर असतो, तो सकाळी पुन्हा जागा झाल्यासारखा वाटतो. त्या बधिर कानाने संध्याकाळी सात वाजता लावलेला आवाज बरोबर येणार कसा? हे मी कुणा ऑपरेटरला हिणवायला लिहीत नाही. ज्याचा कान खात्याने नेला त्याच्याच हातात आपण सगळ्या गल्लीचे कान देतो, आणि त्याला कोणी हे सांगितलेलेही नसते.

आता भाषेकडे या. अहिराणीला आज बरे दिवस आले आहेत असे सगळे म्हणतात, आणि ते खोटे नाही. अहिराणी गाणी यूट्यूबवर कोटींनी पाहिली जातात. पण मोबाईलमध्ये कानाला लावून ऐकलेले अहिराणी गाणे आणि डिंडोलीच्या मांडवात ऐकलेले तेच गाणे यांत एक मोठा फरक आहे: मांडवात त्यातली अहिराणी ऐकू येत नाही. ठेका ऐकू येतो, इको ऐकू येतो, पोरांची आरोळी ऐकू येते. सुरतेत जन्मलेले, गुजराती शाळेत शिकलेले आपले तिसऱ्या पिढीचे पोर घरी मोडकी अहिराणी ऐकते आणि मांडवात ‘आडी, आडी’. ते म्हणते, आपल्या गाण्यात शब्द नसतातच. त्याला खोटे कसे पाडायचे?

कानबाईचे पाहा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रोट होतात, रात्र जागवली जाते, सोमवारी विसर्जन. खान्देश सोडून सुरतेला आलेल्यांनी हा सण बरोबर आणला आणि निष्ठेने टिकवला. ही गाणी बायांची. त्यांना माईक लागत नव्हता. एकीने ओळ टाकायची, बाकीच्यांनी उचलायची. आमच्या गल्लीत विसर्जनाच्या मिरवणुकीत बॉक्सची गाडी पहिल्यांदा पुढे लागली त्या वर्षी बाया गाडीमागे गात चालल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या ओठ हलवत होत्या. आता त्या टाळ्या वाजवतात. म्हाताऱ्या होत्या तोवर गाणी होती; सुनांना ती ऐकूच गेली नाहीत तर येणार कुठून? यात मी कुणा एका मंडळाला बोल लावत नाही. गाडी पुढे लावण्याऐवजी बायांच्या मागे, वीस पावलांवर लावली असती आणि दोन गाण्यांच्या मध्ये वाजवली असती, तरी पुरे होते.

ही बुद्धी आपल्याकडे मुळात नव्हती असे म्हणाल तर ते साफ खोटे आहे. गवयाच्या मागे दोन बाजूंना दोन तानपुरे बसतात ते शोभेला नव्हेत. दोन्ही कानांमागे षड्ज सतत ऐकू यावा ही त्यामागची सोय, म्हणजे आजच्या भाषेत मॉनिटरच. वारकरी कीर्तनात बुवा पुढे उभे राहतात, टाळकरी मागे अर्धवर्तुळात. चरण घेताना वीस-पंचवीस टाळ एकदम कडाडतात, आणि बुवांनी निरूपणासाठी हात वर केला की क्षणात सगळे थांबतात. त्या टाळकऱ्यांना डेसिबल हा शब्द ठाऊक नव्हता, पण आपण कोणासाठी वाजवतो आहोत हे ठाऊक होते. संगीत नाटकांच्या काळात विनामाईकचा गळा थिएटरच्या शेवटच्या बाकापर्यंत जात असे. ऑर्गन आणि तबला त्या गळ्याखाली राहत म्हणूनच ते शक्य होते. ज्यांचे आजोबा आळंदीला टाळ घेऊन उभे राहिले त्यांचा नातू पॅडवर बसला की गायकाच्या तोंडावर बार उडवतो. हे शिक्षण त्याला दिले कोणी?

‘डीजेनं दिलं,’ असे माझे सोबती म्हणतात. डीजे आला, लग्ने त्याच्याकडे गेली, म्हणून आम्हालाही बॉक्स वाढवावे लागले. मला हे पटत नाही. डीजेच्या स्टेजवर माईकपुढे गाणारे कोणी नसते. म्हणून शिट्टी वाजत नाही. स्वतःचे ऐकायची गरज असलेला वाजवणारा नसतो. म्हणून चढाओढ नसते. तो हवा तितका वाढवू शकतो. जिवंत माणसांच्या बँडने त्या शर्यतीत उतरणे म्हणजे घोड्याने ट्रकशी शर्यत लावणे. आपल्याकडे जे आहे ते त्याच्याकडे नाही: नवरीच्या मामाचे नाव गाण्यात गुंफणारा गायक, नाचणाऱ्या आजीचा पाय बघून लय धरणारा ढोलकीवाला. हे सगळे ऐकू आले तरच त्याला भाव आहे. आपण तेच बॉक्सखाली गाडतो आणि वर धंदा गेला म्हणून रडतो.

आता त्या कानात बोटे घालणाऱ्या गृहस्थांकडे. त्यांचे म्हणणे एका शब्दाचे: बंद करा. त्यांच्या हातात 2000 सालचे ध्वनिप्रदूषण नियम असतात. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर आसमंतापेक्षा दहा डेसिबल जास्त किंवा 75, यांपैकी जे कमी असेल तेवढेच. सणासुदीला राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. जुलै 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर सविस्तर निकाल दिला. नियम चांगले आहेत, माझा त्यांना विरोध नाही. आजारी माणूस, परीक्षेचे पोर, बाळंतीण यांचा हक्क बँडच्या हक्काआधी. पण या गृहस्थांना विचारावेसे वाटते, की पांडेशऱ्याच्या खात्यात बारा तास जे चालते त्याबद्दल आपण कधी एक अर्ज लिहिलात का? गरिबाचा आवाज फक्त तो नाचतो तेव्हाच तुम्हाला ऐकू येतो. आणि बंदीने शिकवण होत नाही. पोलीस आले की खटका खाली, गेले की वर. बॉक्स मात्र जिथल्या तिथे, जमिनीवर, माईककडे तोंड करून. हद्दीवरचे दहा डेसिबल कमी करायचे तर वाजवणाऱ्यांना जागा शिकवावी लागेल. पालिकेने, मंडळांनी, आपल्या खान्देशी समाजाच्या संस्थांनी वर्षातून एक दुपार सगळ्या ऑपरेटरांना एकत्र बसवावे, त्यांचे कान तपासावेत. मेळाव्यांच्या हारतुऱ्यांपेक्षा याला खर्च कमी येईल.

कानात घालायची फोमची बोंडे औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळतात; ती नीट बसवली तर आवाज बराच उतरतो. कापसाचा बोळा उपयोगाचा नाही. बोंडे घातलेली पाहून आमच्या ढोलवाल्याला लोक हसले: ‘एवढा मोठा ढोल वाजवतोस आणि घाबरतोस?’ तो पाळीवरही तीच घालतो. तिथे मुकादम हसतो.

‘पण गिऱ्हाईकच मागतं,’ ही शेवटची सबब. गिऱ्हाईक मागते कारण आपण त्याला मोजायला दुसरे काही दिलेलेच नाही. बॉक्स मोजता येतात, फोटोत दिसतात, शेजाऱ्याच्या लग्नातल्या आकड्याशी ताडून बघता येतात. गाणे मोजायचे कसे? आमच्या बँडने गेल्या हंगामापासून सौद्याच्या कागदावर बॉक्सचा आकडा लिहिणे सोडले आहे. गाणाऱ्यांची आणि वाजवणाऱ्यांची नावे लिहितो, आणि कार्यक्रमाच्या दिवशी पाच वाजता रिकाम्या वाडीची किल्ली मागतो, म्हणजे बॉक्स कुठे उभे करायचे ते पाळीवरून न आलेल्या कानाने ठरवता येते. त्यासाठी आमच्यातला एक जण त्या दिवशी खाडा करतो आणि त्याचा रोज सगळे मिळून भरतात. यावरून आजवर दोन सौदे मोडले. एक गोडादऱ्याचा होता. दुसरा माझ्या साडूच्या घरचा. तिथे दहा बॉक्सचा डीजे आला आणि मला जेवायला बोलावणे आले.